डॉक्टर लिव्हिंग्स्टन आणि त्यांचे आईबाप

शाळेची शेवटली परीक्षा उतरलेला मुलगा किंवा मुलगी जेव्हां आईबापांस सांगते कीं, मला पुढें कॉलेजांत जावयाचें आहे, तेव्हां आपल्या खेड्यांतील पुष्कळ घरांत आनंदाबरोबर भीतिही शिरते. पैसा कोठून आणावा, ही एक भीति. शहरांत मूल बिघडेल, ही दुसरी. आणि तिसरी, जी बहुधा कोणी बोलून दाखवीत नाहीं, ती ही कीं, जी विद्या आपणांस कळत नाहीं ती शिकून मूल आपणांपासून व देवापासूनही दूर जाईल. बाप शिक्षक असला तर मुलानें शिक्षक व्हावें, उपदेशक असला तर उपदेशक व्हावें, नाहीं तर ज्या नोकरींत पगार लवकर सुरू होतो ती धरावी, असें त्यास वाटतें. मुलाच्या मनांत मात्र निराळेंच असतें. अशा वेळीं आईबापांनीं काय करावें ह्याविषयीं नुसते नियम सांगण्यापेक्षां एका घराची हकीकत सांगावी, हें आम्हांस बरें वाटतें. हें घर आफ्रिका खंडांतील प्रख्यात मिशनरी व प्रवासी डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांच्या आईबापांचें होय. डॉक्टरसाहेबांच्या प्रवासांच्या गोष्टी आपल्यांपैकीं पुष्कळांनीं ऐकल्या असतील. परंतु त्यांस कॉलेजाच्या दारापर्यंत कोणी पोहोंचविलें, हें थोड्यांसच ठाऊक असतें.

डेव्हिड ह्याचा जन्म स्कॉटलंडांतील ब्लँटायर ह्या गांवीं ता. १९ मार्च १८१३ रोजीं झाला. हा गांव क्लाइड नदीच्या कांठीं असून तेथें सूत काढण्याची मोठी गिरणी होती. गिरणीच्या मालकांनीं मजुरांकरितां बांधलेल्या चाळींत, वरच्या मजल्यावरील एका खोलींत हें कुटुंब राहत असे. त्या खोलीची लांबी सुमारें १४ फूट व रुंदी १० फूट होती. तेवढ्याच जागेंत स्वयंपाक, जेवण, निजणें, कौटुंबिक प्रार्थना व मुलांचा अभ्यास, हें सर्व चाले. बाप नील लिव्हिंग्स्टन हे घरोघर हिंडून चहा विकीत. त्यांत मिळकत थोडी. पण चहाच्या पुड्यांबरोबर ते धर्मपर पत्रकेंही वांटीत, शब्बाथ शाळेंत शिकवीत, आणि दारूस कधीं शिवत नसत. आई ॲग्नेसबाई काटकसरी, स्वच्छ व आनंदी वृत्तीच्या होत्या. अशी ही गरीब, अब्रूदार व देवभीरु माणसें होतीं.

गरिबीमुळें डेव्हिडला १० व्या वर्षीं, म्हणजे १८२३ सालीं, गिरणींत घालावें लागलें. यंत्रावर फिरणारें सूत तुटलें कीं तें लगबगीनें जोडावयाचें, हें त्याचें काम. सकाळीं ६ वाजतां गिरणी सुरू होई ती रात्रीं ८ वाजतां सुटे. मग मालकांनीं ठेविलेल्या मास्तरांची रात्रीची शाळा ८ पासून १० पर्यंत भरे. दिवसभर राबलेलीं बहुतेक मुलें घरीं जाऊन निजत. डेव्हिड शाळेंत जाई. पहिल्या मजुरीचे पैसे त्यानें आईच्या ओटींत आणून टाकिले, आणि त्याच पहिल्या आठवड्याच्या कमाईंतील कांहीं भागाचें एक लॅटिन व्याकरण विकत घेतलें.

वाचकहो, येथें थोडें थांबून विचार करा. खाणारीं तोंडें पुष्कळ आणि पैसा थोडा अशा त्या घरीं दहा वर्षांच्या पोरानें अशा भाषेचें पुस्तक घेतलें कीं, जिचा गिरणींत काडीइतका उपयोग नव्हता. आईबापांनीं तें पुस्तक परत करविलें नाहीं. पुढें तो रात्रीं बारा बारा वाजेपर्यंत वाचीत बसे, तेव्हां आई उठून त्याच्या हातांतून पुस्तक काढून घेई. परंतु तें त्याला झोंप मिळावी म्हणून, विद्येचा कंटाळा आला म्हणून नव्हे. गिरणींत तो यंत्राच्या एका भागावर पुस्तक उघडें ठेवी, आणि येतां जातां एक एक वाक्य वाची. यंत्रांच्या त्या गोंगाटांत मन एकाग्र करण्याची जी संवय त्यास लागली, ती पुढें आफ्रिकेंतील मुक्कामांवर लोकांच्या गलबल्यांत बसून लिहितांना त्याच्या फार उपयोगीं पडली.

आतां आम्हांस ह्या घरांतील भांडणाची गोष्ट सांगितली पाहिजे. कारण ती लपविली तर ही हकीकत खरी होणार नाहीं. डेव्हिडला प्रवासाचीं वर्णनें व सृष्टिशास्त्रावरील पुस्तकें फार आवडत. वनस्पति, दगडांतील शिंपले, जनावरें, ह्यांचा शोध करीत तो आपल्या भावांबरोबर रानोमाळ भटके. बापास ह्याची भीति वाटे. शास्त्रीय पुस्तकें धर्माचीं शत्रु आहेत, अशी त्यांची समजूत होती. मुलानें भक्तिपर ग्रंथच वाचावे असा त्यांचा आग्रह. आणि मुलास तर त्या ग्रंथांचा कंटाळा. एके दिवशीं नील ह्यांनीं विल्बरफोर्स ह्यांचा ख्रिस्ती आचरणावरील ग्रंथ त्यास वाचावयास सांगितला. त्यानें साफ नाकारलें. तेव्हां बापानें छडी घेतली. बापाच्या हातचा तो शेवटला मार असें डॉक्टरसाहेबांनीं पुढें स्वतःच लिहून ठेविलें आहे. त्या मारानें त्या ग्रंथाची गोडी मुळींच लागली नाहीं. उलट अशा वाचनाविषयींची त्याची नावड कित्येक वर्षें टिकली.

नील हे दुष्ट बाप नव्हते. त्यांची भीति प्रीतींतूनच उत्पन्न झाली होती. आपल्या मंडळ्यांतील कित्येक बापांच्या पोटीं हीच भीति आहे, व ती आम्हीं हंसण्यावारी नेत नाहीं. परंतु छडीनें ती दूर झाली नाहीं, हें मात्र ध्यानांत धरावें. ती दूर होण्यास निराळेंच कारण घडलें. डेव्हिड सुमारें वीस वर्षांचा असतां स्कॉटलंडांतील टॉमस डिक नांवाच्या विद्वान गृहस्थांचे ग्रंथ त्याच्या हातीं आले. सृष्टीचें शास्त्र व देवावरील विश्वास हीं परस्परांचीं वैरी नाहींत, असें त्यांत दाखविलें होतें. ह्या ग्रंथांनीं त्याच्या मनांतील गांठ सुटली, आणि बापाचा विश्वास त्यानें आतां स्वखुशीनें आपलासा केला. जें मारून झालें नाहीं, तें वाचण्याची मोकळीक मिळाल्यानें झालें.

पुढें १८३४ सालीं बापानेंच एक पत्रक घरीं आणिलें. चीन देशांत काम करणारे गुट्झलाफ नांवाचे मिशनरी ह्यांची त्यांत विनंति होती कीं, त्या देशीं वैद्यकी जाणणारे मिशनरी पाठवावे. डेव्हिडला आपला मार्ग सांपडला. सृष्टीच्या ज्ञानाची त्याची आवड आणि देवाची सेवा, ह्या दोहोंची सांगड ह्या एका धंद्यांत पडत होती. मुलानें वैद्यकी शिकावी हें नील ह्यांस पूर्वीं पसंत नव्हतें. परंतु मुलानें आपला हेतु जेव्हां उघड करून सांगितला, तेव्हां त्यांनीं तो ऐकून घेतला, आपलें मत बदललें, व संमति दिली. प्रौढ मनुष्यास, त्यांतून बापास, आपलें मत बदलणें किती जड जातें हें आपण जाणतों. आमच्या मतें ह्या घरानें आपल्या मुलास जें कांहीं दिलें, त्यांत हें देणें सर्वांत मोठें होतें.

संमति मिळाली, पण पैसा कोठें होता? डेव्हिड १९ वर्षांचा झाल्यावर गिरणींत सूत कातणारा झाला होता. तें काम अंगास फार जड, पण त्याची मजुरी चांगली मिळे. ती सांठवून त्यानें असा बेत केला कीं, हिंवाळ्यांत ग्लासगो शहरांतील कॉलेजांत शिकावें व उन्हाळ्यांत पुनः गिरणींत राबावें. वर्षाची फी सुमारें १२ पौंड पडे. १८३६ च्या हिंवाळ्यांत, सर्वत्र बर्फ पडलें असतां, बापलेक ब्लँटायरहून पायीं निघाले. ग्लासगो तेथून सुमारें आठ मैल. एका स्नेह्यानें भाड्याच्या खोल्यांची यादी दिली होती. ती घेऊन ते दोघे दिवसभर शहरांत हिंडले; जी खोली पाहावी ती महाग. शेवटीं रॉटन रो नांवाच्या गल्लींत आठवड्यास दोन शिलिंग भाड्याची एक खोली मिळाली. तेथें मुलाची व्यवस्था लावून मग बाप घरीं परतले. ह्या खोलींत त्याच्या चहासाखरेची चोरी होऊं लागली, म्हणून थोडें अधिक भाडें देऊन त्यास दुसरीकडे बिऱ्हाड करावें लागलें.

नील लिव्हिंग्स्टन ह्यांस शरीरशास्त्र कळत नव्हतें, रसायनशास्त्र कळत नव्हतें. मुलाच्या अभ्यासांत त्यांनीं कांहीं साहाय्य करावें असें त्यांच्याजवळ कांहींच नव्हतें. परंतु बर्फांतून आठ मैल बरोबर चालणें व संध्याकाळपर्यंत खोली शोधीत हिंडणें, हें त्यांस करितां येत होतें. आणि तें त्यांनीं केलें. जे आईबाप म्हणतात कीं, आम्हीं अडाणी, कॉलेजांतील मुलास आम्हांकडून काय होणार, त्यांनीं ह्या दिवसाची आठवण ठेवावी.

डेव्हिड अँडरसन कॉलेजांत वैद्यकी व रसायनशास्त्र शिकूं लागला, विश्वविद्यालयांत ग्रीक भाषेच्या वर्गास बसूं लागला, आणि डॉक्टर वॉर्डलॉ ह्यांचीं धर्मशास्त्रावरील व्याख्यानें ऐकूं लागला. रसायनशास्त्राचे अध्यापक टॉमस ग्रॅहम ह्यांचे साहाय्यक जेम्स यंग ह्यांच्याशीं त्याची मैत्री जडली, व हत्यारें चालविण्याचें कामही तो त्यांच्याजवळ शिकला. पहिलें सत्र संपतांच एप्रिलांत तो गिरणींत परत आला. दुसऱ्या सत्रापुरता पैसा सांठेना, तेव्हां वडील भावानें कांहीं रक्कम उसनी दिली. अशा रीतीनें एका मुलाचें शिक्षण साऱ्या घरानें उचलिलें. आणि तरी मुलानेंही आपलें ओझें दुसऱ्यांवर टाकिलें नाहीं.

१८३८ सालीं लंडन मिशनरी सोसायटीनें त्यास उमेदवार म्हणून घेतलें, व लंडनजवळ ऑंगार ह्या गांवीं शिकावयास ठेविलें. तेथें तो अगदीं पहिल्या प्रतीचा ठरला असें नाहीं. एकदां उपदेश करावयास उभा राहिला असतां पाठ केलेला सर्व उपदेश विसरला, व तसाच मंदिराबाहेर निघून गेला. शिक्षकांचा अभिप्रायही प्रथम चांगला पडला नाहीं. त्यास आणखी मुदत द्यावी लागली. आपला मुलगा एकदां नापास झाला म्हणजे सर्व संपलें असें मानणाऱ्या आईबापांनीं हेंही ध्यानांत ठेवावें. तसेंच, चीन देशाकरितां त्यानें सर्व तयारी केली. परंतु १८३९ सालीं इंग्रज व चिनी लोकांत अफूवरून युद्ध जुंपलें व तो दरवाजा बंद झाला. त्याच सुमारास आफ्रिकेंतील मिशनरी मॉफट ह्यांची भेट होऊन त्याचें मन आफ्रिकेकडे वळलें. चीनसाठीं दिलेला आशीर्वाद आईबापांनीं आफ्रिकेसाठीं परत मागितला नाहीं.

नोव्हेंबर १८४० मध्यें ग्लासगो येथें वैद्यकीची परीक्षा उतरून तो डॉक्टर झाला, व निरोप घेण्यास एका रात्रीपुरता घरीं आला. रात्रभर जागून बोलत बसूं असें त्याचें म्हणणें होतें. पण आईनें तें चालूं दिलें नाहीं. तरी बापलेक बराच वेळ आफ्रिकेच्या कामाविषयीं बोलत बसले. पहाटे पांच वाजतां आईनें कॉफी केली. त्यानें स्तोत्रें १२१ व १३५ वाचून प्रार्थना केली. मग बाप पुनः एकदां त्याजबरोबर पायीं ग्लासगोस निघाले. चार वर्षांपूर्वीं ज्या वाटेनें कॉलेजाकरितां ते दोघे चालले होते, तीच ही वाट. ब्रूमीलॉ येथील धक्क्यावर दोघांनीं एकमेकांचा निरोप घेतला. नील एकटेच घरीं परतले. पुनः ह्या जगांत त्यांची भेट झाली नाहीं.

ता. ८ डिसेंबर १८४० रोजीं डॉक्टरसाहेब आफ्रिकेस निघाले. पुढील सोळा वर्षांत त्यांनीं जें केलें तें सर्वांस विदित आहे. येथें तें थोडक्यांत सांगतों. १८४९ सालीं ते न्गामी सरोवरापर्यंत गेले. १८५५ सालीं झांबेझी नदीचा मोठा धबधबा त्यांनीं पाहिला. आणि १८५६ सालीं पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत खंड ओलांडून ते स्वदेशीं निघाले. वाटेंत त्यांस वडील वारल्याचें कळलें. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत नील मरण पावले होते. लेकाचें तोंड पाहण्याची त्यांची फार इच्छा होती. घरीं आल्यावर शेगडीजवळची बापाची रिकामी खुर्ची पाहून डॉक्टरसाहेब रडले.

आतां ह्या चरित्रांतील जो भाग सांगण्यास आम्हांस दुःख होतें, तो सांगतों. ज्यास असा बाप लाभला, तो स्वतः बाप ह्या नात्यानें उणा पडला. १८५२ सालीं त्यांनीं पत्नी मेरीबाई व मुलें ह्यांस इंग्लंडांत पाठवून दिलें. तेव्हां थोरला मुलगा रॉबर्ट सहा वर्षांचा होता. पुढें १८५८ सालीं ते पुनः आफ्रिकेस गेले, तेव्हां रॉबर्टला दुसऱ्यांच्या देखरेखीखालीं मागें ठेविलें. १८६२ सालीं मेरीबाई झांबेझीच्या कांठीं तापानें वारल्या. रॉबर्टचें मन कोणत्याच शाळेंत रमलें नाहीं. बापाचीं बोधपर पत्रें कित्येक महिन्यांनीं पोहोंचत. त्याचें म्हणणें ऐकून घेणारा बाप मात्र जवळ नव्हता. तो बापाच्या शोधार्थ दक्षिण आफ्रिकेपर्यंत आला, पण भेट झाली नाहीं. तेथून तो अमेरिकेस गेला, नांव बदलून तेथील यादवी युद्धांत गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या उत्तरेच्या सैन्यांत शिरला, शत्रूच्या हातीं सांपडला, आणि डिसेंबर १८६४ मध्यें कैदेंत मरण पावला. तेव्हां तो १८ वर्षांचा होता. बापाच्या नांवास आपणामुळें आणखी कमीपणा येऊं नये म्हणून आपण नांव बदललें, असें त्यानें पत्रांत कळविलें होतें. आपण आपल्या मुलांबरोबर खेळण्यास वेळ दिला नाहीं, ह्याबद्दल डॉक्टरसाहेबांनीं पुढें खेद प्रकट केला. थोर पुरुषाची ही उणीव आम्हीं त्याची निंदा करण्यास सांगत नाहीं. देवाच्या कामाकरितां रात्रंदिवस गांवोगांव फिरणाऱ्या आपल्या उपदेशकबंधूंस ती सावधगिरीची सूचना व्हावी, म्हणून सांगतों.

१८६५ सालीं डॉक्टरसाहेब स्वदेशीं असतां त्यांची आई वारली. आपल्या एखाद्या लेकानें आपलें डोकें थडग्यांत ठेवावें, अशी त्या माउलीची इच्छा होती. ती त्यांच्या हातून पुरी झाली. पहाटे उठून कॉफी करणारी ती आई होती.

त्यांच्या शेवटल्या प्रवासाचा आपल्या प्रांताशीं निकट संबंध आहे. १८६४ सालीं आपली लहानशी आगबोट स्वतः हांकीत समुद्र ओलांडून ते मुंबईस आले होते, व चुमा नांवाच्या आफ्रिकन मुलास डॉक्टर विल्सन ह्यांच्या मिशनच्या शाळेंत ठेवून गेले होते. पुढल्या वर्षीं ते पुनः मुंबईस आले. नाशिकजवळ शरणपूर येथें गुलामगिरींतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांस मिशनतर्फे विद्या व हुन्नर शिकवीत असत. त्यांतील नऊ तरुण १८६६ सालीं डॉक्टरसाहेबांबरोबर आफ्रिकेस गेले. १८७२ सालीं आणखी कांहीं गेले, त्यांत जेकब वेनराइट हा होता. ता. १ मे १८७३ रोजीं चितांबो ह्या गांवीं डॉक्टरसाहेब वारले, तेव्हां त्यांचें अंतःकरण एका झाडाखालीं पुरण्यांत आलें, आणि त्या वेळीं प्रार्थनेचा पाठ जेकबनें वाचला व झाडावर लेख कोरला. सुसी, चुमा व त्यांचे सोबती ह्यांनीं शेंकडों मैल चालून तें शव समुद्रकांठीं आणिलें. ता. १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिरांत दफन झालें, तेव्हां पेटी धरणाऱ्यांत जेकबही होता. ज्या मुलांस स्वतःचे आईबाप पाहण्यासही उरले नव्हते, त्यांस शरणपुरांत कोणीतरी अक्षर शिकविलें होतें, म्हणून तो पाठ वाचला गेला.

वाचकहो, ह्या हकीकतींतून आपण काय घ्यावें? मूल कोणती विद्या निवडतें ह्यापेक्षां तें ती कां निवडतें, हें आधीं शांतपणें विचारावें, व उत्तर पुरें होईपर्यंत ऐकावें. आपली भीति त्याच्यापुढें उघडी करून सांगावी. छडीच्या किंवा रागाच्या आड ती लपवूं नये. जेथें आपली समजूत चुकीची होती असें दिसेल, तेथें मान्य करावें. त्यानें बापाचा मान कमी होत नाहीं. फीचा सर्व पैसा देतां आला नाहीं, तरी घरांतील प्रत्येकानें थोडें थोडें उचलावें, व मुलासही कष्ट करूं द्यावे. एकदां अपयश आलें किंवा बेत बदलला, तर आशीर्वाद परत घेऊं नये. आणि मूल शहरीं गेलें म्हणजे आपलें काम संपलें असें समजूं नये. पत्र लिहावें, भेटीस जावें, त्याचा अभ्यास कळत नसला तरी त्याच्या जेवणाची, खोलीची व मनाची विचारपूस करावी.

नील लिव्हिंग्स्टन ह्यांनीं आफ्रिका कधीं पाहिली नाहीं, व मुलगा कोणतीं पुस्तकें वाचतो हें त्यांस पुरें समजलेंही नाहीं. तरी दोन वेळां ते त्याजबरोबर आठ आठ मैल चालले. ह्या वर्षीं ज्यांचीं मुलें गांव सोडून शिकावयास जाणार आहेत, त्या आईबापांनीं निदान मोटारीच्या थांब्यापर्यंत तरी त्यांच्याबरोबर चालत जावें, आणि वाटेनें त्यांचें बोलणें ऐकावें, अशी आमची त्यांस नम्र विनंति आहे.